कागदी प्लेटा आमच्याकडे

ओमानमधल्या सोहारमध्ये शुक्रवारी दुपारी जेवायला बाहेर पडलेली मराठी माणसं एकदा बघावीत. जुम्म्याची नमाज सुटली, दुकानं उघडली की आमची चार-पाच कुटुंबं गाड्या काढायची. कधी येमेनी हॉटेल. तिथे गालिच्यावर मांडी घालून बसायचं, मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यावर भात-मटणाचा भलामोठा थाळा यायचा. कधी किनाऱ्यावरच्या टपरीवर मिश्काक, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे, चिंचेच्या तिखट पाण्यात बुडवून. आत भटारखान्यात कोण आहे, कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हे कधी कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. जेवण झक्कास असायचं.

माझ्या घरचं मात्र ही माणसं खात नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला काही वर्षं गेली, आणि ती वर्षं आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

मी इथल्या एका पोलाद कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. नवरा बंदराच्या बाजूला दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. आम्ही सोलापूरकडचे बौद्ध. गावात माझ्या आईला चहा वेगळ्या कपात मिळायचा. पिऊन झाला की ती तो स्वतः विसळायची आणि ओट्याबाहेरच्या कोनाड्यात उपडा घालायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मुलीने ते पाहू नये, ऐकूही नये, म्हणून मी या उन्हात यायला तयार झाले. पगार हे दुसरं कारण. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, इथेच वाढली. शाळेत सगळं इंग्रजीत, मराठी बोलताना अडखळते. तिला जात हा शब्दच माहीत नव्हता आणि मला त्याचं मनातून फार बरं वाटायचं.

थंडी पडली, बाहेर बसता येऊ लागलं की आमच्या गटाच्या समुद्रावर पिकनिका सुरू होतात. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा. कुणी काय आणायचं हे एक वहिनी ठरवतात. वयाने थोड्या मोठ्या, बोलायला गोड, सगळ्यांच्याच वहिनी. त्यांचा फोन यायचा.

"अगं, तुझी ऑफिसची केवढी धावपळ! तू आपल्या कागदी प्लेटा, ग्लास आणि पाणी आण. बर्फ मिळाला तर बघ."

किती समजूतदार बाई, असं मला वाटायचं. दुसरी एक जण इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. ती रात्रपाळी करून डोळे चोळत यायची, पण तिच्याकडे मसालेभात असायचा. तिची धावपळ कुणाला दिसली नाही. मी तरी कुठे नीट पाहिलं? दर हिवाळ्यात, दर पिकनिकला आमच्याकडे प्लेटा. नवऱ्याला एकदा म्हटलं, तर म्हणाला, "सोड ना, आयतं खायला मिळतंय." त्याला कळलं होतं. पण परक्या मुलखात मराठी बोलायला चार माणसं लागतात, म्हणून तो मूग गिळून बसला होता. त्याचाही राग मला आलाच.

गेल्या ईदला माझ्या लॅबमधल्या ओमानी मैत्रिणीने आमच्या सगळ्या गटाला घरी जेवायला बोलावलं. पुरुष बाहेरच्या बैठकीत, आम्ही बायका आत. शुवा होता. मसाला चोळलेलं मटण पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरतात आणि दीड-दोन दिवसांनी काढतात. हाडाला हात लावला की मांस सुटून येतं. आम्ही सात-आठ जणी एका थाळ्याभोवती बसलो. वहिनी माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागलेला. मैत्रिणीच्या आईने हाताने मोठा तुकडा तोडून आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला. त्यातलं अर्धं मी खाल्लं, अर्धं वहिनींनी. शेवटी शेवटी तर त्या माझ्या बाजूचा भात ओढून घेत होत्या. बोटं चाटत म्हणाल्या, "बघा, यांच्यात कसा काही भेद नाही!" घरी जाऊन त्यांनी थाळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली तेच वाक्य. मी त्याला लाइकचा अंगठा दिला.

या हिवाळ्यात पहिल्या पिकनिकचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "वहिनी, यावेळी मी मटण आणते."



"अगं, कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसला? मला आवडतं करायला."

"बरं... पण थोडंच आण हं. फार काही खपत नाही आपल्यात."

आपल्यात! येमेनी हॉटेलात थाळ्याचा तळ दिसेपर्यंत खाणारी माणसं ही. मी मुद्दाम ओमानी बकऱ्याचं मटण आणलं. परदेशी गोठवलेल्याहून महाग, पण चव वेगळीच. आईकडून आलेलं काळं तिखट घातलं, खोबरं भाजलं आणि सुकं मटण केलं. मोठं पातेलंभर. घरभर असा वास सुटला की मुलगी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होती. निघताना नवरा म्हणाला, "प्लेटा पण घेऊया ना बरोबर." मी म्हटलं, "आज प्लेटा दुसरं कुणीतरी आणेल."

किनाऱ्यावर चटया पसरल्या, डबे उघडले. वाढायचं काम मुलीने हौसेने मागून घेतलं. एका हातात छोटं भांडं, दुसऱ्या हातात चमचा, अशी ती प्रत्येकापुढे जाऊन सांगत होती, "माझ्या मम्मीने केलंय." पहिल्याने प्लेटेवर हात आडवा धरला, "नको बेटा, पोट भरलं." अजून पहिला घास गेला नव्हता पोटात. दुसरी म्हणाली, तिखट चालत नाही. तिसऱ्याने मोबाइल कानाला लावला. नर्सबाईने मात्र वाढून घेतलं, पण वहिनींकडे एकदा बघून. वहिनींनी माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, "किती गुणाची गं!" म्हणाल्या, आणि तोच हात प्लेटेवर झाकणासारखा ठेवला. मुलगी पुढे सरकल्यावर त्यांनी शेजारच्या डब्यातून चिकनचे दोन तुकडे घेतले.

मुलगी भरलेलं भांडं घेऊन परत आली. "मम्मी, सगळे फुल आहेत," म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"वहिनी, ईदला तुम्ही आणि मी एका थाळ्यात जेवलो. माझा हात ज्या भाताला लागला होता तो तुम्ही ओढून खाल्लात. हा तोच हात आहे. याच हाताने मटण केलंय. ओमानी बाईच्या घरी चालतो, मग माझ्या स्वयंपाकाला का चालत नाही?"

"अगं, काय हे मुलांसमोर!" वहिनी म्हणाल्या. "आमच्या मनात असलं काहीच नसतं. तूच धरून बसलीयस."

"मग खा एक घास."

त्यांनी खाल्ला नाही. प्लेटेत बघत राहिल्या. त्यांचे यजमान उगाच मोठ्याने म्हणाले, "यल्ला, चला, चहा काढा कुणीतरी!" आणि चार जणांना एकदम थर्मासची आठवण झाली. एखाद्या ठेकेदाराने कामगाराचा अपमान केला तर तावातावाने बोलणारी ही माणसं, त्या दिवशी वाळूत बोटं फिरवत बसली. माझा नवरा उठला. मला वाटलं, आता हा मला गप्प करणार. त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं, ते उचललं, "खलास. चला," म्हणाला आणि गाडीकडे चालायला लागला.

गाडी हमरस्त्याला लागली. मग मागून मुलीने विचारलं, "मम्मी, तुझ्या हाताला काय झालंय?"

मी सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीला झेपेल तेवढंच, पण खरं ते सांगितलं. जे सांगावं लागू नये म्हणून घर सोडलं, तेच मी सोहारच्या रस्त्यावर, सीटवरून मागे वळून सांगत होते. वहिनींबद्दल मला त्या क्षणी जेवढी चीड आली तेवढी किनाऱ्यावरही आली नव्हती.

मुलगी ऐकत होती. वहिनींची मुलगी तिच्याच वर्गात आहे, एकाच बाकावर बसतात.

"म्हणून ती माझा टिफिन खात नाही?" तिने विचारलं. "ती म्हणते तिला पीनट्सची ॲलर्जी आहे. म्हणून तर मी तुला सांगितलं होतं, माझ्या डब्यात शेंगदाणे नको घालू."

सोलापूरची बाई मी. त्या पोरीसाठी वर्षभर कुटाशिवाय भाज्या करत होते.

"मग ती म्हणाली अंडं चालत नाही. मग म्हणाली आपलं तेल चालत नाही. पण आज तिने साबुदाणा वडे खाल्ले. त्यात पीनट्स असतात ना?"

"असतात," मी म्हणाले.

ती दोन सीटच्या मधून पुढे वाकली. "पण ती पण अकराच वर्षांची आहे. मला माहीत नव्हतं. तिला कसं माहीत?"

नवऱ्याने गाडी हळू केली. "तिला घरी शिकवलंय," मी म्हणाले.

"मग तू मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "मी रोज डबा उघडला की आधी तिलाच विचारायचे."