त्या माणसाचं पुढे काय झालं

वाघोलीच्या एका लॉ कॉलेजात मी राज्यघटना शिकवतो. दरवर्षी एक गोष्ट फार रंगवून सांगायचो. अमेरिकेत एका माणसाची सरकारी पदावर नेमणूक झाली, पण सरकार बदललं आणि नेमणुकीचा कागद कोणी त्याच्या हातात देईना. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, पदावर तुझा हक्क आहे. पण ज्या कायद्याच्या आधारे तू थेट आमच्याकडे आलास, तो कायदाच घटनेत बसत नाही. संसदेचा कायदा रद्द करायचा अधिकार तिथल्या न्यायालयाने असा स्वतःच मिळवला. आपल्याकडे तो घटनेतच लिहून ठेवलाय, असं म्हणून मी फळा पुसायचो.

माझा धाकटा भाऊ बिबवेवाडीत राहतो. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तो वर्षानुवर्षं कंत्राटी होता. सेवा सलग दिसू नये म्हणून अधूनमधून एक दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नवी ऑर्डर द्यायचे. त्याला ते ‘ब्रेक’ म्हणत. मग अशा लोकांना कायम करणारा कायदा झाला. त्याने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आता घरी बसायचं तर रजेचा अर्ज करावा लागेल, असा टोमणा मी मारला. तो खूप हसला.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या काही मुलांनी त्या कायद्याला आव्हान दिलं. जाहिरात नाही, परीक्षा नाही, मग आम्हाला समान संधी कुठे मिळाली? कायदा घटनाबाह्य ठरला. भावाची नोकरी गेली. नव्याने अर्ज करायचं वय तर केव्हाच उलटून गेलं होतं. मी निकालपत्र नीट वाचलं. निकाल बरोबर होता, आणि मला त्याचाच राग आला.

रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो. आमदारांनी केलेला कायदा कोर्ट कसा काय रद्द करतं, असं त्याने विचारलं. सवयीप्रमाणे मी अमेरिकेपासून सुरुवात केली. भावजय वाढता वाढता थांबली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग त्या माणसाला नोकरी मिळाली का?”

“नाही.”

“मग पुढे काय केलं त्याने?”

इतकी वर्षं शिकवतोय, पण एकाही विद्यार्थ्याने हे विचारलं नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच म्हणालो.

“बघून सांग दादा,” तो म्हणाला. “मला उपयोगी पडेल.”