शेजारच्या रेघेतली सनई

कापसाच्या जिनिंगमध्ये त्या कामगार बाईची तीन बोटं गेली आणि मालक म्हणाला, घरी विळ्यानं कापली. खोटं, तेही निर्लज्ज. हिंगणघाटच्या त्या जिनिंगच्या फाटकावर तिनं स्वतः उभं राहून सांगितलं तर बाकीचे कामगार काम बंद ठेवतील, एवढीच आम्हा संघटनेच्या पोरांची आशा होती. पत्रक मी लिहिलं होतं.

ऐंशीनंतरची कुठलीशी लगीनसराई. लाउडस्पीकरवाल्यानं एकाच पेटीत आवाज वाढवायच्या दोन मशीनी बसवलेल्या: एक आमच्या सभेला, दुसरी मागच्या गल्लीतल्या मांडवाला. "एकीचा दुसरीशी काही संबंध नाई," म्हणे!

ती बोलायला लागली, "पट्ट्यात हात गेला..." आणि तिच्या शब्दांखालून सनई वाजू लागली. बारीक, पण भोंग्यातून साफ ऐकू येणारी.

"वरात येऊन राह्यली बे!" मागून कोणी ओरडलं. माणसं हसली. तिच्याच खात्यातली माणसं!

तेवढ्यात मांडवातला एक म्हातारा धोतर सावरत धावत आला. "काऊन रे, आमच्या लग्नात बोटं कापून राह्यले तुमी? बंद करा ते!"

मी पेटी उघडली. पॉलिटेक्निकात हेच तर शिकत होतो. आत सर्किटच्या तांब्याच्या प्लेटीवर माइकची नाजूक रेघ आणि रेकॉर्डची रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकमेकींना खेटून; एकीतला आवाज दुसरीत झिरपणारच. जागा वाचवली होती पठ्ठ्यानं. अशा रेघा लांब ठेवायच्या, मधून अर्थिंगची पट्टी न्यायची, हे मला पाठ होतं. पण प्लेटीवरचं तांबं काही उभ्या उभ्या सरकवता येत नाही.

तिनं माइक माझ्या हातात दिला. "राहू द्या भाऊ. मले नाई जमत."

दुसऱ्या दिवशी मी नवी प्लेट केली. नेलपॉलिशनं रेघा काढल्या, चांगल्या लांब लांब, मधे रुंद पट्टी, आणि फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बाकीचं तांबं विरघळवलं. मांडवात रेकॉर्डी चालूच होत्या. आमच्या भोंग्यात त्यांचा मागमूस नाही.

त्या दिवशीच्या सभेला ती आली नाही. बोलवायला गेलो, तर नवऱ्यानं दारातूनच सांगितलं, "एकदा हासले लोकं, पुरे झालं."

मग तिचं म्हणणं मीच बोललो, पत्रकात होतं तसं. शब्द न शब्द फाटकापलीकडे पोचत होता. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या हमालानं माझे दोन्ही हात निरखले.

"तुले कुठं लागलं, बापू?"

प्रश्न तो नाही, असं काहीतरी मी म्हणालो. माणसं धूळ झटकत उठली. जिनिंगची संध्याकाळची पाळी पूर्ण भरली.