सित्र्याच्या ओहोटीत छत्तीस फोटो

सांताक्रूझला विमानात बसेपर्यंत मी ती डबी हातातून खाली ठेवली नव्हती. शेजारच्या गृहस्थांना बहुधा आत अंगारा असावा असं वाटलं असेल, कारण त्यांनी एकदा डबीकडे बघून हळूच हात जोडले. डबीत छत्तीस फोटोंचा एक कृष्णधवल रोल होता आणि त्या रोलवरच आमच्या सरांची सही होती, म्हणजे मधेच रोल बदलायची सोय नव्हती.

मी तेव्हा मुंबईत कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होतो आणि फोटोग्राफीत गटांगळ्या खात होतो. सरांचं म्हणणं असं, की मी काढलेल्या फोटोंत माणसं जगत नाहीत, नुसती श्वास रोखून उभी असतात. डिसेंबरच्या सुट्टीत त्यांनी शेवटची संधी दिली. विषय, घराबाहेरचं जगणं. रोल एकच, आणि त्यातले छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले त्याच क्रमाने एका कागदावर छापून दाखवायचे. "चुकलेलेही दिसू देत," सर म्हणाले, "आणि जाशील तिथे पहिला दिवस रिकामा कॅमेरा घेऊन हिंड. बटण दाब, पण आत रोल नको. आधी बघायला शीक." हे जमलं नाही तर वर्ष पुन्हा करायचं होतं. आमच्या वडिलांना मी चित्रकार होणार हेच मुळात पटलेलं नव्हतं, त्यामुळे पुन्हा एक वर्ष मिळणं अशक्य होतं. थोडक्यात, माझं पुढचं सगळं त्या डबीत होतं.

बहरीनला माझी थोरली बहीण राहत होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या सित्रा बेटावरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांनीच तिकीट पाठवलं होतं.

विमान खाली उतरायला लागलं तसा समुद्र दिसला, आणि तो इतका उथळ होता की तळाची वाळू वरून दिसत होती. पाण्यात जागोजागी कुणीतरी पेन्सिलीने गिरवल्यासारख्या बाकदार रेघा होत्या. त्या कसल्या ते मला आठवडाभराने कळलं. विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली. आईने दिलेली कांदालसणीची चटणी त्याने हुंगली, त्याला सणसणीत ठसका लागला आणि पुढचं काहीही न तपासता त्याने मला जाऊ दिलं.

"स्वेटर कुठाय?" हा दाजींचा पहिला प्रश्न. आखातात थंडी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे दोन आठवडे मी दाजींचा स्वेटर घालून वावरलो. दाजी सहा फूट आहेत, मी नाही.

ताईचं घर राजधानी मनामातल्या नईम भागात, जुन्या वस्तीत. समोरच्या गल्लीत भट्टी होती. सकाळी तिथून आणलेला गरम खुबूस (तिकडची मोठी, मऊ भाकरी) मटकीच्या आमटीत बुडवून खायचा हा ताईने लावलेला शोध. तो मी रोज नव्याने तपासून बघत होतो. रोलची डबी मी गरम होऊ नये म्हणून तिच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी ठेवली होती.

"अंडी काढताना एखाद दिवशी तीच फोडीन मी," ताई म्हणाली.

"फोड. माझं एक वर्ष फुटेल," मी म्हणालो. त्यानंतर मात्र तिने डबी वरच्या कप्प्यात ठेवली.

शुक्रवारी दाजींना सुट्टी असायची. त्या दिवशी ते सित्र्याच्या कामगारांच्या कॅम्पवर आठवड्याची शिळी मराठी वर्तमानपत्रं पोचवायला जात. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवून सोबत गेलो. एकीकडे तेलाच्या टाक्या, दुसरीकडे खजुरीची झाडं आणि समुद्र, मधे पत्र्याच्या बराकी. बराकीबाहेर लुंग्या वाळत घातलेल्या, कुणी केस कापून घेतंय, कुणी कांदा चिरतंय. मी सरांच्या शिस्तीत बटण दाबत हिंडत होतो.

एका खोलीत आठ मालवणी माणसं राहत होती. त्यातले सगळ्यात वडीलधारे गंगारामकाका पाइप जोडायच्या कामावर होते. पंचेचाळिशीचा, काटक माणूस.

"साहेबांचो मेवणो फोटोग्राफर आसा म्हणान आयकलंय," ते माझ्याजवळ येऊन म्हणाले. "माजो एक फोटो काढशात? घराक धाडूचो आसा. चेडू झाला तेव्हा मी हय होतंय. तेना अजून माका बघूक नाय."

त्यांची धाकटी मुलगी दीड वर्षाची झाली होती आणि तिने बापाला पाहिलंच नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की काका, आज कॅमेऱ्यात रोल नाही. पण ते वळलेसुद्धा, आणि खोलीत एकच धांदल उडाली. लुंग्या गेल्या, विजारी आल्या, खोबरेल तेल आलं. पाच मिनिटांत आठही जण रांगेत उभे. रांग कॅम्पसमोरच्या कोल्ड स्टोअरकडे (तिकडे वाण्याच्या दुकानाला असंच म्हणतात) निघाली, कारण दुकानदाराची निळी मोटार बाहेर उभी असे आणि टेकून उभं राहायला त्याची कुणाला ना नसे. गावी जाणारा प्रत्येक फोटो त्याच मोटारीशी काढायचा, अशी तिथली रीतच होती.

आठ माणसं इतकी नटून उभी राहिल्यावर माझी जीभ काही उचलेना. मी डोळ्याला कॅमेरा लावला आणि एकेक जण दुकानात जाऊन, शर्ट ठीकठाक करून मोटारीशी येईल तसं आठ वेळा बटण दाबलं. खट्, खट्, खट्. मला वाटलं, आठवड्याभरात विसरतील. नाहीतर बाजारातून दुसरा रोल आणू कधीतरी. त्यांनी मला दोन कप चहा पाजला, आणि वर गंगारामकाका म्हणाले, "येत्या शुक्रवारी ये. हाजीच्या हदऱ्यावर न्हेतंय तुका. तसा काय तू बघूक नसशीत."

आठवडाभर मी मनामाचा बाजार, बंदर, कबुतरं बघत फिरलो आणि सोयीस्करपणे दुसरा रोल विसरलो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी डबी फ्रिजमधून निघाली आणि सही केलेला रोल कॅमेऱ्यात गेला. हाजी म्हणजे सत्तरीच्या घरातला बहरीनी म्हातारा. त्याने कंदुरा (पायघोळ झगा) कमरेला खोचला होता. गंगारामकाका सुट्टीच्या दिवशी त्याचा हदरा दुरुस्त करायला मदत करत आणि बदल्यात मासळी घेत. हदरा म्हणजे उथळ समुद्रात रोवलेलं खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला पाणी मागे सरलं की कुंपणाच्या कडेकडेने पोहत टोकाच्या कोंडीत शिरतात आणि तिथून त्यांना बाहेर पडता येत नाही. मग माणसाने चालत जाऊन ते उचलायचे. विमानातून दिसलेल्या बाकदार रेघा याच होत्या.

आम्ही गुडघाभर पाण्यातून निघालो. मी कॅमेरा डोक्यावर धरला होता.

"यल्ला, यल्ला (चला, चला), पानी आता है," हाजी मागे न बघता ओरडत होता. त्याला हिंदी येत होतं, पण थांबणं येत नव्हतं. मी पहिला फोटो काढायला म्हणून त्याला म्हटलं, "हाजी, जरा इकडे बघा."

"सूरा (फोटो) बाद में. मछली पहले," तो म्हणाला आणि चालतच राहिला.

त्या म्हाताऱ्याने मला एका वाक्यात फोटो काढायला शिकवलं. त्याला माझ्यासाठी थांबायला वेळ नव्हता, म्हणून मलाच त्याच्यामागे धावावं लागलं. मी पाण्यात दोनदा पडलो, कॅमेरा कोरडा ठेवला, स्वेटर नाही. हाजी छाती पाण्याला टेकेपर्यंत वाकून जाळ्याने मासे उपसत होता, काका टोपली पुढे करत होते, एक मासा टोपलीतून उडाला आणि काकांनी तो हवेतच झेलला. दोघंही इतके हसले की हाजीची टोपी पाण्यात पडली. मी ते सगळं काढलं. तोवर सत्तावीस फोटो झाले होते आणि जन्मात पहिल्यांदा मला खात्री वाटत होती, की सरांना नावं ठेवायला जागा नाही. उरलेले नऊ मी परतीच्या वाटेसाठी राखले. तिरप्या उन्हात टोपल्या डोक्यावर घेऊन परतणारी दोन माणसं आणि मागे सोन्यासारखं पाणी. मनात तर ते काढूनही झाले होते.

तेवढ्यात काका म्हणाले, "ते फोटो झाले मां तयार? आमचो भिकाजी उद्या सांजच्या विमानान रजेर जाता. तेच्याच वांगडा धाडूचे आसत सगळ्यांचे. घराकडे मी पत्रय घातलंय, फोटो येता म्हणान."

मी थांबलो. पाणी घोट्याशी खळखळत होतं.

"काका, त्या दिवशी कॅमेऱ्यात रोल नव्हता," मी म्हणालो. "रिकामा होता. मी नुसतं बटण दाबलं."

त्यांनी टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"आमी आठ जण उन्हात उभे रवलंव, मेल्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

शुक्रवारची दुपार, बाजारातली फोटोची दुकानं बंद. दुसरा रोल मिळणार नव्हता, आणि उद्या पहाटेच सगळे कामावर जाणार होते. मी म्हणालो, "आता काढतो. इथेच, असेच उभे राहा."

"असो नको," ते घाईघाईने म्हणाले आणि अंगावरच्या चिखलाकडे बघितलं. "घराकडे मी सांगितलंय, हापिसात कामाक आसंय म्हणान. खुर्चेर बसतंय म्हणान. बायलेक काळजी नको."

नऊ फोटो उरले होते आणि माणसं आठ. सूर्य खजुरीच्या झाडांना टेकत होता. सर त्या कागदावर काय बघतील ते मला स्वच्छ दिसत होतं. सत्तावीस जिवंत फोटो, आणि शेवटी मोटारीला टेकून श्वास रोखलेली माणसं. पण मी वर्षाचा विचार केला नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. विचार केला, आणि मग धावत सुटलो. काका टोपली हाजीच्या हातात देऊन माझ्यापुढे धावत होते. हाजी मागून काहीतरी अरबीत बोलला. ते समजलं नाही हे बरंच झालं असावं.

कॅम्पवर भिकाजीची बॅग भरणं चाललं होतं. बातमी कळताच सगळे बाहेर. तयारीला वेळ नव्हता, त्यामुळे गेल्या शुक्रवारी मला न दिसलेली गोष्ट आज उघड्यावर घडली. खोलीत पांढरा टेरिलिनचा शर्ट एकच होता, घड्याळ एकच होतं, काळा गॉगल एकच होता. एकाचा फोटो झाला की तो तिथेच शर्ट उतरवायचा आणि पुढचा डोक्यातून चढवायचा. "बटणा नको लावू, येळ जाता," "पोट आत घे, भोंपळ्या," असं चाललं होतं. दुकानदार पायरीवर बसून हसून हसून लाल झाला होता. काकांची पाळी शेवटी आली. भिकाजी त्यांच्या ओल्या मनगटावर घड्याळ बांधत होता, काका गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते, आणि माझ्या बोटाने आपणहून बटण दाबलं. तो पस्तिसावा. छत्तिसाव्यात काका मोटारीवर हात ठेवून उभे राहिले, ताठ, गंभीर, हापिसातल्यासारखे. दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या ओळखीने मनामातल्या एका स्टुडिओत रोल धुवून घेतला, आठ फोटो छापून घेतले आणि भिकाजी विमानतळाला निघण्याआधी त्याच्या हातात दिले. त्याने ते लाडवांच्या डब्यावर, कपड्यांच्या घडीत जपून ठेवले.

चार दिवसांनी मीही परतलो. सुट्टी संपल्यावर तो छत्तीस फोटोंचा कागद सरांसमोर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. सर भिंगातून एकेक बघत होते. हदऱ्यापाशी दोनदा "हं" म्हणाले. मग मोटारीच्या रांगेत आले आणि थांबले.

"शर्ट तोच आहे सगळ्यांचा," ते म्हणाले.

"हो सर."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आठही माणसं बघितली आणि मग पस्तिसाव्यावर बोट ठेवलं. "हा मोठा कर. यंदाच्या प्रदर्शनात दारासमोर लावू. बक्षीस यालाच."

"सर, हा नको," मी म्हणालो. "मुंबईत त्यांच्या गावची पुष्कळ माणसं आहेत. कुणी बघितलं तर घरी कळेल."

काय कळेल ते मी सांगितलं. सरांनी भिंग टेबलावर ठेवलं, आणि मग मासा झेलतानाच्या फोटोवर, तोही प्रदर्शनात न लावता, वहीत माझ्या नावापुढे गुण लिहिले. बक्षीस दुसऱ्याला मिळालं. मी पास झालो.

मार्चमध्ये ताईच्या पत्राबरोबर गंगारामकाकांची चिठ्ठी आली. चिठ्ठी लिहिली होती खोलीतल्या कुणीतरी, पण बोलणं त्यांचंच होतं. फोटो घरी पोचला होता. मुलगी तो हातातून सोडत नव्हती. भिकाजी रजेवरून परत आला तेव्हा काकांच्या बायकोने त्याच्याबरोबर कोकमतेलाचा मोठा गोळा धाडला होता. सोबत काकांसाठी निरोप होता, 'फोटोत मोटारीर हात ठेवलात तो मी बघितलंय. भेगो पडल्यात. रोज रातीक निजताना चोळूक विसरा नको.'

हापिसाबद्दल तिने एक अक्षर विचारलं नव्हतं.