पाटलाच्या हातचं पाणी

पितळेच्या पॉलिशचा वास आला की माझे दात अजून आवळतात. काल लेक बाबांची पदकं घासत बसली आणि मी थेट त्या दुष्काळात जाऊन पोचले. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता.

बाबा फौजेतून हवालदार होऊन परतले होते. गावात पाणी उरलं होतं फक्त पाटलाच्या विहिरीत. आम्हा बौद्धांना तो काठावरही येऊ देत नसे. त्याचा गडी लांबूनच आमच्या घागरीत पाणी ओतायचा.

त्या उन्हाळ्यात नवे कलेक्टर गावात आले आणि माजी सैनिकांचा सत्कार झाला. शाल द्यायची होती सरपंच म्हणून पाटलानं. त्यानं ती पुढं केली तसे सकाळीच घासून चकचकीत केलेली पदकं लावलेले वर्दीतले बाबा म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या, पाटील. लई तहान लागलीया. तुमच्या हातानं पाणी द्या."

पाटलानं पेला दिला. बाबांनी तो ओठांना लावला, अर्धा संपवला आणि तसाच उष्टा त्याच्या हातात ठेवला. "घ्या, तुमीबी प्या. ऊन लई हाय."

कलेक्टर कौतुकानं बघत होते. पाटील प्याला.

तेव्हा मला वाटलं, बाबा किती मायाळू! आता तो घोट पाटलाच्या गळ्यातून उतरताना आठवला, की माझा जीव गार होतो.