वरच्या मजल्यावरचा बॅकअप

कूलरची घरघर कानावर आली की ती घटना आजही आठवते आणि बसल्या जागी माझी चुळबुळ सुरू होते. तेव्हा मी नेरला ठाणेदार होतो.

ऐन उन्हाळ्यात एक फोटो स्टुडिओवाला तणतणत ठाण्यात आला. त्याचा स्टुडिओ खाली, घर वर. खालच्या कम्प्युटरमधले लग्नांचे फोटो रोज आपोआप वरच्या कम्प्युटरवर उतरायचे, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्यावर प्रत राहावी. त्या दिवशी खालची डिस्क उडाली. वर जाऊन पाहतो तर होळीनंतरचा एकही फोटो नाही. सगळी लग्नसराई पाण्यात!

"साहेब, हे त्या पोरीचंच काम हाये," तो म्हणाला. "परवाच काम सोडून गेली. आधी बॅकअप बंद केला, मंग जाता जाता डिस्क उडवली. गुन्हा दाखल करा."

ती पोरगी म्हणजे जवळच्या बंजारा तांड्यावरची. दोन वर्षं त्याच्याकडे फोटो दुरुस्त करायची. वनरक्षक म्हणून निवड झाली म्हणून तिने काम सोडलं होतं. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आता कधीही माझ्याच टेबलावर येणार होता. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच म्हणायची.

मी अर्ज चौकशीवर ठेवला, डायरीत नोंद घेतली. लगेच पुढाऱ्यांचे फोन सुरू झाले. "काय साहेब, एक साधा गुन्हा दाखल होत नाही तुमच्याच्यानं?" डोकं नुसतं भणभणत होतं. ज्याचं खरंच नुकसान होतं तो आधी नुकसानाबद्दल बोलतो, असा माझा अनुभव. हा बाबा फोटो सोडून पोरीबद्दलच बोलत होता. पण अनुभव पंचनाम्यात लिहिता येत नाही.

मुलीला ठाण्यात बोलावलं. महिला पोलिसासमोर मी तिला प्रश्न केला, "वरच्या कम्प्युटरला हात लावला होतास?"

"मी वर कधी गेलीच नाही, साहेब."

"दोन वर्षांत एकदाही नाही? मला शिकवतेस?" माझा आवाज चढला.

"बोलावलं असतं तं गेली असती."

बस, एवढंच. रडणं नाही, गयावया नाही. त्या उत्तराने मला स्वस्थ बसू दिलं नाही. यवतमाळहून सायबरचा हवालदार बोलावला आणि दोन पंच घेऊन आम्ही स्टुडिओ गाठला.

हवालदाराने डिस्क तपासली. "साहेब, ही पुसलेली नाही. जुनी होऊन आपल्या मरणाने मेली."

"मंग बॅकअप काहून बंद पडला?" मालक उसळला. "तो तं तिनंच तोडला ना!"

हवालदाराने आपला लॅपटॉप खालच्या राऊटरला जोडून वरचा कम्प्युटर शोधला. दिसेना. खाली नेट चालू, वर नेट चालू, तरी दोघांची गाठ पडेना. विचारलं तेव्हा कळलं, घरात राऊटर दोन होते. जुना खाली आणि टीव्हीसाठी घेतलेला नवा वर. वरचा कम्प्युटर पूर्वी तारेने खालच्या राऊटरला जोडलेला होता, आता तो नव्यावर चालत होता. जणू दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, स्वयंपाक दोन्हीकडे होत होता, म्हणून बोलणं बंद झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही वर गेलो. खिडकीत कूलर आणि त्याच्यामागे ती जुनी तार, सुतळीने बांधून ठेवलेली. दाराशी मालकाची बायको उभी होती. मी तिलाच विचारलं.

"ताई, कूलर कधी बसवला?"

"होळी झाली अन् बसवला."

"आणि ही तार कोणी काढली?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "यायनंच काढली. खिडकीत आडवी येत होती."

"ती मुलगी कधी वर आली होती?"

"कधीच नाही. पाणीबी आम्ही जिन्यावरूनच देत होतो तिले."

"मले आठवलंच नाही, साहेब," मालक पुटपुटला.

"आठवलं नाही? पोरीचं नाव बरं पटकन आठवलं!" पंचांसमोर मी ओरडलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

हवालदाराने तार परत जोडली. त्याच्या लॅपटॉपवर वरचा कम्प्युटर लगेच दिसला. पंचनामा झाला, बाईचा जबाब झाला, अर्ज निकाली निघाला. मुलीला तिथेच बोलावून सगळं सांगितलं. ती खाली स्टुडिओच्या दारात उभी होती. मालकाची बायको ओशाळून जिन्यावरून म्हणाली, "ये वं बाई, वर ये. चहा घे."

मुलगी जागची हलली नाही.

"नाही काकू. आधी एकदा जरी वर बोलावलं असतं ना, तं आज मी सुटली नसती."

मी टोपी उचलली आणि बाहेर पडलो.

पुढे पडताळणीचा कागद आला. 'गुन्हा दाखल नाही' असं लिहून मी सही केली. संशयितावर बोट ठेवण्याआधी त्याला तिथवर पोचू तरी दिलं होतं का, हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो. तिला वाचवणारा पुरावा मी शोधला, असं लोक म्हणतात. पण तो पुरावा त्या घराने दोन वर्षं रोज, पाण्याच्या प्रत्येक ग्लासागणिक तयार केला होता. ते आठवलं की मला अजूनही एका जागी बसवत नाही.