जात्याची वरची तळी

पेडगावात बायनाबाईला शहाणी म्हणत. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तिनं बैलगाडीत जात्याची वरची तळी चढवली, तेव्हापासून म्हणायचे बंद झाले. माणसं रझाकारांच्या धाकानं जीव मुठीत घेऊन वऱ्हाडात निघालेली. कुणी सोन्याचे डाग कमरेला बांधले, कुणी तांब्यापितळेची भांडी परसात पुरली, आणि ही बाई धोंडा घेऊन निघाली. तोही अर्धा.

पण हसणाऱ्यांना काय, हसायला पैसे थोडेच पडतात. त्यांनी कस्तुराबाईच्या हाताखाली दळण दळलेलं नव्हतं.

कस्तुराबाई म्हणजे बायनाबाईची सासू. मोठी फटकळ बाई. भाकरी कच्ची राहिली, धुणं मळकं निघालं, एवढ्यावरून दिवसभर सुनेला फैलावर घ्यायची. पण पहाटे दोघी जात्याशी समोरासमोर बसल्या, एका खुंट्यावर दोघींचे हात पडले, की हीच बाई ओवीतून सुनेचे गुण गायला लागायची. उजाडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आपल्याकडच्या बायकांची ही जुनी रीतच. जे तोंडावर बोलवत नाही ते जात्यावर म्हणायचं, आणि घरातल्या पुरुषांनी ते ऐकलं तरी ऐकलं नाही असंच धरून चालायचं.

बायनाबाईची पहिली लेक अंबिका. घरात सगळे आंबी म्हणायचे. पोर पायावर उभी राहिली तशी जात्याशी यायला लागली. आईच्या हाताखाली, खुंट्याच्या अगदी बुडाशी मूठ आवळायची आणि जात्याभोवती गोल गोल फिरायची. पीठ सांडायचं, दळण लांबायचं, कस्तुराबाई तोंडाचा पट्टा सोडायची. आणि एखाद्या पहाटे पोर उठली नाही, तर तिला उठवून आणल्याशिवाय जात्यात घास घालायची नाही.

आंबीला चौथं लागलं आणि पटकीच्या साथीत ती गेली. साथीच्या भयानं तिची झबली, टोपडी, वाकळ, सगळं जाळून टाकलं. फोटो काढायची ऐपत तेव्हा जहागीरदारांची. पोरीची म्हणून एक चिंधी घरात उरली नाही. तिच्या बापानं, आश्रुबानं, तिचं नाव जे टाकलं ते टाकलंच. कुणी चुकून काढलं तर तो उठून गोठ्यात बैलांपाशी जायचा. या माणसाला काळीज म्हणून काही दिलंय की नाही, असं बायनाबाईला वाटे, आणि तिचा तो राग वर्षानुवर्षं मनात मुरत गेला.

घरात पुन्हा दळण सुरू झालं त्या पहाटे कस्तुराबाईनं नवी ओवी बांधली:

माझ्या आंबीचा गं हात, खुंट्याला लोंबतो
जात्याच्या मुखी दाणा, तिच्यासाठी थांबतो

त्या घरात आंबीचं नाव निघायचं ते एवढंच, आणि एवढ्याच जागी. पुढं सासू गेली. बायनाबाईला आणखी दोन लेकरं झाली, देवाच्या दयेनं जगली. ती एकटी दळू लागली, आणि ओवी मात्र रोज म्हणायची. खुंट्याच्या बुडाशी लाकूड गुळगुळीत झालं होतं. ते पोरीच्या मुठीनं झालं की इतक्या सालांच्या दळणानं, हे कुणाला सांगता येईल? बायनाबाईनं मात्र ते केव्हाच ठरवून टाकलं होतं.

रझाकारांच्या भीतीनं गावं उठायला लागली, तेव्हा कुणीतरी आवई उठवली की रिकाम्या घरांतली जातीसुद्धा फोडतात, विहिरीत टाकतात. बायनाबाईनं त्यावर विश्वास ठेवला. खालची तळी जमिनीत पुरलेली, ती निघणार नव्हती. वरची तिनं खुंट्यासकट उचलली. आश्रुबा म्हणाला, अगं, अर्ध्या जात्यावर काय दळशील, कपाळ? पण बोलायला त्यालाही तोंड नव्हतं. त्यानं स्वतः गाडीत लोखंडी नांगर घातला होता. पंचक्रोशीत असले नांगर दोन-तीनच, आणि आश्रुबा तो लेकरासारखा पुसून ठेवायचा.

पूर्णेच्या पात्रात पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं, पण वाळूनं दगा दिला. गाडी आसापर्यंत रुतली. बैल जागचे हलेनात. मागच्या गाड्यांवरची माणसं खोळंबली, शिव्या द्यायला लागली. ओझं उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आश्रुबानं लेकरं उतरवली, ज्वारीचं पोतं उतरवलं, आणि तळीला हात घातला. बायनाबाई आडवी झाली.

"नका उतरवू," ती म्हणाली. "तिथं आंबीचा हात हाय."

ते नाव त्याच्या तोंडावर तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतलं. आश्रुबा तसाच वाकून उभा राहिला. मागून कुणी ओरडत होतं, ते त्याला ऐकू गेलं नसावं. मग त्यानं तळीवरचा हात काढला, नांगर खांद्यावर घेतला आणि काठावरच्या झुडपात नेऊन ठेवला. गाडी निघाली. लेकरं आणि पोतं पुन्हा गाडीत चढली, पण नांगर चढवला तर बैल दमून पडले असते, म्हणून तो झुडपातच राहिला. वाशीमच्या छावणीपर्यंत बायनाबाईला तोंड वर करून आश्रुबाकडे बघवेना.

छावणीत बायकांनी तिची यथेच्छ फिरकी घेतली. खालची तळी मागच्या गाडीनं येतीय का, असं विचारायच्या. तीही हसायची. पण दुसऱ्यांच्या जात्यावर दळताना तिला ओवी काही म्हणवेना.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि माणसं घराकडे फिरली. पूर्णेचा काठ पुरानं खरवडून नेला होता. झुडूपही नव्हतं, नांगरही नव्हता. आश्रुबानं एकदा इकडंतिकडं बघितलं आणि बैलांना हाकललं.

घराचं दार कुणी काढून नेलं होतं. आत गवत माजलं होतं, आणि गवतात खालची तळी होती तशी. तेवढ्यात शेजारची सुमनबाई सांगत आली की तिचंही जातं जागच्या जागी आहे. साऱ्या गावाची जाती तशीच आहेत. भांडी गेली, दारं गेली, पण जातं कोण नेतंय, मेलं? हे ऐकून बायनाबाईचं तोंड एवढंसं झालं. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती, आणि नवऱ्याचा नांगर तिनं फुकट नदीत घालवला होता. आता तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. त्याचा तो हक्कच होता.

आश्रुबानं गवत उपटलं. खालची तळी उपरण्यानं पुसली, वरची गाडीतून आणून मधल्या मेखेवर नीट बसवली. पोटात सगळ्यांच्याच कावळे ओरडत होते. बायनाबाई सुपात ज्वारी घेऊन खाली बसली, आणि बघते तर नवरा समोर बसलेला. कोणता पाय पसरायचा आणि कोणता दुमडायचा, हेही त्याला ठाऊक नव्हतं. गडीमाणूस भर दिवसा जात्याशी! सुमनबाईनं तोंडाला पदर लावला. आश्रुबानं तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं बायकोच्या हाताखाली, खुंट्याच्या बुडाशी हात धरला.

जातं फिरायला लागलं. बायनाबाईनं रीतीप्रमाणं पुटपुटत सुरुवात केली, आणि आश्रुबानं जातं थांबवलं.

"मोठ्यानं म्हण," तो म्हणाला. "इतकी वर्सं गोठ्यातून ऐकायलोय. आंबीचं नाव आलं की तुजा आवाज बारीक व्हतो. मला नीट ऐकू येत न्हाई."