डायवरमामांची हिरवी काठी

आमचे डायवरमामा गाडी भरल्याशिवाय सोडत नसत. गोरेगाव ते हिंगोली त्यांची जीप चाले आणि ती भरली की नाही, हे ठरवायचा हक्क फक्त त्यांचा. आत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असत, तरी मामा बाहेरून ओरडत, "चला सेनगाव, हिंगोली! रिकामीच हाय!" कुणी कुरकुरलं तर म्हणत, "काहून घाई करून राहिले? हिंगोली काय पळून जाते का?"

हे माझ्या आईचे भाऊ; मी त्यांच्याच घरी वाढले. त्यांना पार्किन्सन झाला, ज्याला आपल्याकडे कंपवात म्हणतात, आणि जीप सुटली. आवाज बारीक झाला, पण खोड गेली नाही. थरथरता हात दाखवून सांगत, "इंजन चालू हाय, गेर पडंना." उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळत. मागे मामी धुण्याची बादली घेऊन ताटकळलेली. "सरका की हो!" ती म्हणे. "थांब जरा, सवारी भरून राहिली," मामा म्हणत.

हसण्यावारी नेलं तरी खरं दुखणं वेगळंच होतं. जीपचा थांबा घरासमोरच्या वळणावर. रोज सकाळी तिथं जाऊन रशीदचाचांसोबत चहा प्यायचा, हा मामांचा नेम. चाचा त्याच रस्त्यावर जीप चालवणारे, मामांचे जुने दोस्त. पण एकदा मामा उंबऱ्यात पडले आणि मामीने हात धरून नेण्याचा हट्ट धरला. "मी डायवर हाय, सामान न्हाई," म्हणाले आणि जाणंच बंद केलं. मग खुर्ची फिरवून थांब्याकडे पाठ करून बसू लागले. ते मला बघवत नव्हतं.

मी तेव्हा हिंगोलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकून नुकतीच घरी आले होते. पावलापुढे आडवी रेघ असली की ती ओलांडायला अडकलेला पाय उचलतो, असं वाचलं होतं. अंगणात खडूने रेघा मारल्या, तर मामा नवरदेवासारखे चालत गेले. पण गावभर रेघा कोण मारत बसणार? म्हणून काठीला लेझरचा बारीक दिवा बसवला. मुठीतलं बटण दाबलं की पावलापुढे उजेडाची लाल रेघ पडायची.

रशीदचाचांना मुद्दाम बोलावून मी थाटात काठी मामांच्या हातात दिली. बटण दाबलं. रेघ पडली. मामा हलेनात. पुन्हा दाबलं, तर होते त्याहून ताठ झाले. माझा चेहरा पडला.

"मामा, पाय टाका की!"

"म्होरं लाल दिसून राहिलं अन् तू म्हनती पाय टाक? जिंदगीभर लाल दिसलं की ब्रेक मारला, पोरी!"

चाचा पोट धरून हसले. "बेटी, डायवर के आगे लाल बत्ती रखी तूने? हरी लगा, हरी!"

हिरवा दिवा मागवला, बसवला. मामांनी रेघेकडे पाहिलं, घसा खाकरला, उंबरा ओलांडला आणि कुणाचा हात न धरता थांब्यावर पोचले. चहा निम्मा सदऱ्यावर सांडला, पण ऐट काय विचारता! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आपल्याला आता सगळीकडं रस्ता मोकळा."

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. निघाले त्या सकाळी मामा काठी टेकत मला सोडायला आले. चाचांच्या जीपमध्ये मी आणि एक म्हातारी, बाकी सगळी रिकामी. चाचा आरामात बिडी ओढत होते. मामांनी बॉनेटवर थाप मारली. "सोड गाडी. भरली."

"भरली? दोनच सवाऱ्या हैत!"

"माझी भाची बसली ना? मग भरली. तिला उशीर व्हायला नको."

चाचांनी बिडी टाकली आणि गाडी काढली. मागे वळून पाहिलं तर मामा उभेच होते, आणि कोवळ्या उन्हात पायाशी हिरवी रेघ.

मामा गेले. मी मात्र पुण्यात अजून काठ्या बनवते. कुणाच्या वडलांसाठी, कुणाच्या सासूसाठी. लाल दिवा स्वस्त पडतो, असं दुकानदार सांगतो. मी हिरवाच घेते. काठी तयार झाली की इथल्या माझ्याच उंबऱ्यावर एकदा चालवून बघते. माझे पाय धडधाकट आहेत, तरी रेघ पडली की क्षणभर थांबते. मग आपणच आपल्याला म्हणते, "सोड. भरली." आणि पाय टाकते.